जैनाबादेच्या बागेतील हरवलेली चाल

तापी नदीच्या एका तीरावर बुऱ्हाणपूर हे शहर आणि पैलतीरावर जैनाबाद हे गाव, अशी ही जोडवस्ती खानदेशाच्या फारुकी सुलतानांनी वसविली. खुलताबादेस चिरविश्रांती घेत असलेले सूफी संत शेख बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव शहरास मिळाले व त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन यांचे नाव समोरच्या गावास मिळाले. गुरु-शिष्यांची नावे नदीच्या दोन काठांवर अशी समोरासमोर उभी आहेत. आज हा भाग मध्य प्रदेशात मोडतो. २००३ साली बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि जळगाव जिल्ह्याची सीमा लगतच असल्याने तेथील बाजारात, घराघरांत आणि भजनांत मराठी वाणी पूर्वापार नांदत आली आहे.

जैनाबादेचे नाव इतिहासात दोन स्त्रियांमुळे राहिले. पहिली मुमताजमहल. १६३१ च्या जून महिन्यात बुऱ्हाणपूर येथे बाळंतपणात तिचा अंत झाला आणि तिचा देह प्रथम जैनाबादेच्या बागेतच ठेवण्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो आग्र्यास नेण्यात आला. तिच्यासाठी जगद्विख्यात वास्तू उभी राहिली. दुसरी स्त्री एक गायिका होती. तिच्यासाठी जैनाबादेत काहीच उभे राहिले नाही. तिचे गाणे तर त्या बागेतील वाऱ्याबरोबरच गेले. प्रस्तुत लेखाचा विषय ते गेलेले गाणे हा आहे. आणि त्या निमित्ताने, अर्धवट आठवणारे गाणे ओळखण्याची व कानाने त्याचे स्वर शोधण्याची जी विद्या आपल्या देशात वाढली, तिचा वृत्तांत देणे हाही आहे.

आंब्याची फांदी

त्या गायिकेचे नाव हिराबाई. इतिहासकार तिला ‘जैनाबादी’ म्हणतात. शाहजादा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असताना, बहुधा १६५३ साली, त्याचा मुक्काम बुऱ्हाणपुरास होता. जैनाबादेत ‘आहूखाना’ नावाची शाही बाग होती. आहू म्हणजे हरीण. अर्थात ती हरणांची बाग. या बागेत शाहजाद्याने हिराबाईस प्रथम पाहिले. ती त्याच्या मावशीच्या यजमानांच्या पदरी होती.

पुढे काय घडले याविषयी दोन फारसी ग्रंथ दोन निरनिराळ्या हकिकती सांगतात. हमीदुद्दीन खान याच्या नावावर असलेल्या ‘अहकाम-इ-आलमगिरी’ या आख्यायिकासंग्रहात, हिराबाई झाडाखाली उभी राहून, उजव्या हाताने फांदी धरून, हलक्या आवाजात काही गुणगुणत होती असे म्हटले आहे. शाहजादा ते पाहून जागच्या जागी बसला व मूर्च्छित झाला. मावशी ते ऐकून अनवाणी धावत आली. अठराव्या शतकात शाहनवाज खानाने रचलेल्या ‘मआसिर-उल-उमरा’ या चरित्रकोशात मात्र गुणगुणणे नाही. तेथे ती फळांनी लगडलेल्या आंब्याखाली येते, शाहजाद्याची भीडभाड न ठेवता उडी मारते आणि आंबा तोडते. तिच्या गायनकौशल्याची स्तुती तोही ग्रंथ करतो. इटालियन प्रवासी मनुची यानेही एका नर्तकीपायी औरंगजेबास काही काळ नमाजाचा विसर पडल्याचे लिहून ठेवले आहे. हिराबाईने एकदा शाहजाद्याच्या हाती मद्याचा पेला दिला, तो ओठाशी नेऊ लागताच हिसकावून स्वतःच रिकामा केला आणि आपण केवळ प्रेमाची परीक्षा पाहिली असे सांगितले, ही कथा याच चरित्रकोशातील. हिराबाई अल्पकाळातच वारली. तिचे दफन औरंगाबादेस झाले.

या हकिकतींत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. झाड तेच आहे, बाई तीच आहे, शाहजादा तोच आहे. परंतु एकाच्या स्मरणात फांदी व गाणे राहिले, तर दुसऱ्याच्या स्मरणात उडी व फळ राहिले. अर्धवट आठवणाऱ्या गाण्याचे नेमके असेच होते. एका घरात त्याचा मुखडा टिकतो, दुसऱ्या घरात अंतरा टिकतो, तिसऱ्या घरात केवळ चाल राहते आणि शब्द भलतेच येऊन बसतात. इतिहासकार जसा दोन बखरी शेजारी ठेवून त्यांतील समान भाग शोधतो, तसाच जाणता गवई दोन पाठ शेजारी ठेवून मूळ चिजेचा माग काढतो.

परंतु हिराबाईच्या गाण्यापुरता हा उपाय चालत नाही. कारण शेजारी ठेवण्यास दोन पाठ तर सोडाच, एकही पाठ नाही. ती काय गुणगुणत होती, कोणत्या रागात, कोणत्या भाषेत, हे ऐकणाऱ्या एकानेही टिपले नाही. एवढा मोठा शाहजादा ज्या स्वरांनी मूर्च्छित झाल्याचे सांगतात, ते स्वर दोन्ही ग्रंथांत नाहीत.

त्याच खोऱ्यातील एक पंडित

याचा अर्थ त्या काळी या प्रांतात स्वरांची शास्त्रशुद्ध ओळख करून घेणारे कोणी नव्हते असा मुळीच नव्हे. उलट, हिराबाईच्या आधी सुमारे एक शतक, त्याच खानदेशात फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास पुंडरीक विठ्ठल नावाचा पंडित होता. तो मूळचा कर्नाटकातील, शिवगंगेनजीकच्या सातनूर गावचा ब्राह्मण. दक्षिणेच्या संगीतात मुरलेला हा मनुष्य खानदेशात आला तेव्हा त्याच्या कानी उत्तरेचे संगीत पडले. नावे तीच, पण स्वर वेगळे. कोठे स्वर तेच, पण नावे वेगळी. हा गोंधळ निस्तरण्यासाठी त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला.

त्याची पद्धती आजही मननीय वाटते. आधी वीणेवर पडदे बांधून स्वरांच्या जागा निश्चित करावयाच्या, मग प्रत्येक राग त्या जागांवर मांडून पाहावयाचा आणि समान स्वरांचे राग एकेका मेळात एकत्र करावयाचे, असा त्याचा क्रम आहे. पुढे तो अंबरच्या कछवाह घराण्यातील माधवसिंह व मानसिंह या बंधूंच्या आश्रयास गेला. तेथे लिहिलेल्या ‘रागमंजरी’त त्याने आणखी एक पाऊल टाकले. दरबारात गायिल्या जाणाऱ्या फारसी चालींची नावे देऊन, त्यांतील कोणती आपल्याकडील कोणत्या रागाशी जुळते, याची यादीच त्याने दिली. परक्याची चाल कानावर पडावी आणि ‘ही तर आपल्या अमुक रागासारखी’ असे ओळखता यावे, हीच ती विद्या. त्याची ‘रागमाला’ १५७६ सालची आहे. म्हणजे तापीच्या काठी सुरू झालेले हे काम अकबराच्या राज्यात पूर्णत्वास पोचले होते.

औरंगजेबाच्या राज्यातही हा व्यासंग तुटला नव्हता. त्याच्याच कारकिर्दीत, १६६६ च्या सुमारास, फकीरुल्ला या सरदाराने ‘रागदर्पण’ हा फारसी ग्रंथ पूर्ण केला. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमराच्या ‘मानकुतूहल’ या ग्रंथाचा त्यास आधार असून, लेखकाने समकालीन गायक-वादकांचीही नोंद केली आहे. रागांची नावे लिहिली गेली, गायकांची नावे लिहिली गेली. चाल मात्र लिहिली गेली नाही. गाणे लिहावयाची वस्तू नसून गुरुमुखातून घ्यावयाची वस्तू आहे, ही समजूत इतकी दृढ होती की लिहिण्याची गरजच कोणास भासली नाही. गुरु आणि शिष्य यांची साखळी अखंड असेतोवर ती समजूत योग्यही होती. साखळीचा एखादा दुवा निखळला म्हणजे काय होते, हा प्रश्न पुढच्या काळात उपस्थित झाला.

‘चाल’ या शब्दाखालचे कोडे

हा प्रश्न मराठी माणसास सर्वांत जवळून दिसतो तो जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि मराठी पदांचा पूर आला. या पदांच्या चाली बहुतांशी नव्याने बांधलेल्या नसत. लोकांच्या कानांत बसलेल्या साक्या, दिंड्या, लावण्या, कीर्तनातील पदे, कानडी व हिंदुस्थानी गाणी यांच्या चालींवर नवे शब्द रचले जात. त्यामुळे छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे एखाद्या परिचित गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असत. वाचकाने ते शब्द पाहावेत, त्यास ती चाल तत्काळ आठवावी आणि त्याने पद म्हणावे, अशी ती सोय होती. भजनांच्या वह्यांत, आरत्यांच्या पुस्तकांत आणि कीर्तनकारांच्या टिपणांतही हीच पद्धत रूढ झाली.

ही सोय जितकी सुटसुटीत, तितकीच फसवी ठरली. कारण ती स्वर सांगत नाही; केवळ आठवणीकडे बोट दाखविते. ज्या गाण्याकडे बोट दाखविले, ते गाणारी पिढी निघून गेली म्हणजे खालचे पद शब्दशः शाबूत राहते आणि तरीही मुके होते. पुढे १९११ सालच्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनी ज्या चाली दिल्या, त्या नटांच्या कंठांतून व ध्वनिमुद्रिकांतून पुष्कळशा टिकल्या. परंतु त्यापूर्वीच्या कित्येक पदांच्या बाबतीत, ‘चाल’ या शब्दापुढील दोन-तीन शब्दांवरून मूळ गाणे शोधून काढणे हे आता संशोधनाचे काम होऊन बसले आहे.

ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख आला म्हणून हेही नमूद करणे अगत्याचे आहे की, हिंदुस्थानात गायनाचे पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाले. गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारीत असे. मुद्रिका परदेशी छापून तयार व्हावयाची. तेथील कारागिरांना गाणारी कोण हे समजावे, हा त्यामागील हेतू होता. जैनाबादच्या बागेत असे नाव सांगावयास व ते टिपून घ्यावयास यंत्र नव्हते.

भातखंड्यांची वही

निखळलेले दुवे पुन्हा जोडण्याचे प्रचंड कार्य एका वकिलाने अंगावर घेतले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईस वाळकेश्वरी झाला. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचा कान तयार झाला. नंतर त्यांनी दक्षिणेत, बंगालात, उत्तर हिंदुस्थानात प्रवास केले. ग्रंथालयांतील जुनी हस्तलिखिते पाहिली आणि त्याचबरोबर उस्तादांसमोर वही घेऊन बसले. पुंडरीक विठ्ठलाचे ग्रंथ छापून लोकांसमोर आणण्याचे श्रेयही त्यांचेच. तापीकाठच्या त्या पंडितास तीन शतकांहून अधिक काळानंतर पुन्हा वाचक मिळाला तो असा.

भातखंड्यांनी जयपूरच्या महंमद अली खाँ यांच्या घराण्यातून चिजा मिळविल्या, रामपूर दरबारची विद्या मिळविली आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत शेकडो चिजा स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. त्यांची स्वरलिपी साधी आहे. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू, तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. स्वर लांबवावयाचा असल्यास पुढे अवग्रह. तालाच्या समेस गुणाकाराचे चिन्ह आणि खालीस शून्य. पोस्टातील कारकुनाससुद्धा आठ दिवसांत वाचता येईल इतकी ती सुबोध आहे. ज्या कामास कंठाची देणगी लागते असे सर्वजण समजत होते, त्यातील निम्मे काम चिकाटीने आणि नेटक्या लेखनाने होते, हे या वकिलाने सिद्ध केले.

घराणेदार गायकांनी त्यांच्यावर टीकाही केली. कागदावरील स्वर म्हणजे गाणे नव्हे, त्यात मींड नाही, आंदोलन नाही, श्वास नाही, असे ते म्हणत. आणि ते खोटेही नव्हते. परंतु सांगाडा का होईना, तो आहे म्हणून त्यावर पुन्हा मांस चढविता येते. हिराबाईच्या गाण्याचा सांगाडाही नाही.

कानाने शोध कसा घ्यावा

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. घरातील वृद्ध आजीला एखाद्या जुन्या पदाची ओळ आठवते, पुढचे शब्द आठवत नाहीत, आणि ती ओळ ती गुणगुणते. ते गाणे कसे ओळखावे?

सर्वांत आधी षड्ज शोधावा. ओळ संपताना आवाज कोठे विसावतो, कोठे आल्यावर पुढे काही हवेसे वाटत नाही, ती जागा बहुधा ‘सा’ची. येथे चूक झाली की पुढचे सर्व गणित चुकते. याचे उदाहरण देण्यासारखे आहे. मालकंसात सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी हे पाच स्वर येतात. समजा ऐकणाऱ्याने चुकून त्यातील कोमल धैवतालाच षड्ज मानले, तर तेच पाच स्वर त्यास सा, रे, ग, प, ध असे, म्हणजे भूपाचे वाटू लागतील. कोमल गांधारास षड्ज मानले तर दुर्गा दिसू लागेल. पेटीच्या पट्ट्या त्याच, बोटे तीच. केवळ घर बदलल्याने राग बदलला. यासाठी आठवणाऱ्या व्यक्तीस पेटीचे स्वर आधी ऐकवू नयेत. तिला आपल्या पट्टीत गाऊ द्यावे व मगच त्या पट्टीत तंबोरा अथवा पेटी मिळवून घ्यावी.

दुसरे, कोणते स्वर लागतात आणि कोणते टाळले जातात हे पाहावे. तिसरे, चाल कोणत्या स्वरावर थांबते ते पाहावे. कारण केवळ स्वरांच्या यादीवरून राग ओळखता येत नाही. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच. परंतु भूप गांधाराभोवती घुटमळतो, तर देशकार धैवताकडे ओढ घेतो. चौथे, मात्रा मोजून सम शोधावी. शब्द विसरले तरी सम सहसा विसरली जात नाही. मान आपोआप हलते. पाचवे, शब्दांवर फार विसंबू नये. व्रजभाषेतील शब्द मराठी वा कोकणी घरात येईपर्यंत तीन वेळा बदललेले असतात. ऐकणाऱ्यास अर्थ लागला नाही की कान आपल्या ओळखीचा शब्द तेथे बसवितो. मुखडा पुनःपुन्हा म्हटला जात असल्याने टिकतो. अंतरा एकदाच म्हटला जात असल्याने आधी जातो. म्हणून दुसऱ्या घरी, दुसऱ्या वाड्यावर, तीच ओळ कोणास आठवते काय याची चौकशी करावी, आणि दोन्ही पाठ जसेच्या तसे लिहावेत. कोणता खरा याचा निवाडा लिहितेवेळी करू नये.

पेटी आणि स्वरसंघ

चाल सापडली, आता तिला साथ हवी. येथे पाश्चात्त्य पद्धतीतील कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजविलेल्या तीन अथवा अधिक स्वरांचा संघ, हा विषय येतो. आपले संगीत एका वेळी एकच स्वर पुढे ठेवून चालते. पार्श्वभूमीस तंबोरा षड्ज-पंचमाची चादर अंथरतो. त्यामुळे आपल्या चालीस स्वरसंघ जोडणे हे परकी भाषेतील अनुवादासारखे नाजूक काम आहे.

त्याचे व्यावहारिक सूत्र असे आहे. सात स्वरांच्या सप्तकात प्रत्येक स्वर तीन स्वरसंघांत बसतो. उदाहरणार्थ, बिलावलाच्या शुद्ध स्वरांत पंचम हा सा-ग-प मध्ये आहे, ग-प-नी मध्ये आहे व प-नी-रे मध्येही आहे. तिन्हींतून कोणता निवडावयाचा हे सम आणि आजूबाजूचे स्वर ठरवितात. परंतु रागाची मर्यादा सोडता येत नाही. भूपात सा-ग-प चालतो, ध-सा-ग चालतो. प-नी-रे मात्र चालत नाही, कारण निषाद भूपात वर्ज्य आहे आणि कान तो लगेच परका ठरवितो. मालकंसात तर पंचमच नसल्याने नेहमीचा षड्जाचा संघ पूर्ण होत नाही. तेथे म, कोमल ध, सा असा मध्यमावरील संघ घ्यावा लागतो, आणि तोही बेताने. कारण मध्यमावर फार रेंगाळले तर ऐकणाऱ्यास मध्यमच घर वाटू लागते.

पेटीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बसविलेले असतात. तंबोऱ्याच्या नादातून आपोआप उमटणाऱ्या गांधाराहून पेटीचा गांधार, एका अर्धस्वराचे शंभर भाग मानल्यास, सुमारे चौदा भागांनी चढा असतो. अशा कारणांवरून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती व ती १९७१ पर्यंत पुरती उठली नव्हती. तरीही शोधाच्या कामास पेटीसारखे सोयीचे वाद्य नाही. स्वराची जागा दाखवावयास ती पुरते. स्वराचा गाभा मात्र कंठातूनच घ्यावा.

या अनुवादाच्या कामात गोमंतकाचा वाटा मोठा आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चना जोडलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेजो, व्हायोलिन आणि लेखी स्वरलिपी शिकविली जाई. या शिक्षणाच्या बळावर गोव्याचे कित्येक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. शेजारी बसलेला गोव्याचा वादक ती ऐकता ऐकता पाच रेघांवर उतरवी आणि खाली कोणते स्वरसंघ यावेत ते ठरवी. सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९८) यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी हेच काम केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी तर आपले राग पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिण्याचा प्रयोग केला आणि १९५८ साली मुंबईस त्याचे जाहीर कार्यक्रम केले. त्यात लता मंगेशकर यांचाही स्वर होता. मंगेशीच्या दीनानाथांची कन्या आणि माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक एका मंचावर आले, ते एका स्वरलिपीच्या कागदाच्या आधाराने. पुढे प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांच्यासारखे शिष्य गोन्साल्विसांनी घडविले.

गावाचे नाव

हिराबाईस ‘जैनाबादी’ म्हणत, यातही गोमंतकातील महाजन मंडळींस ओळखीचे काही सापडेल. देवालयांच्या परिसरात वाढलेल्या आपल्याकडील गुणीजनांनाही गावांनीच नावे दिली. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७), कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१), पर्वतचे लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर, ही सर्व नावे गावांची आहेत. कुर्डी हे गाव साळावलीच्या धरणाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष तेवढे दिसतात. पण मोगूबाईंचे गाणे बुडाले नाही, कारण ते शिष्यांच्या कंठांत व ध्वनिमुद्रणांत सुरक्षित राहिले. केसरबाईंनी भैरवीत गायिलेली एक चीज तर १९७७ साली अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली. गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गायिकेचा स्वर सूर्यमालेच्या सीमेपलीकडे पोचला. गावाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या गायिकेचा स्वर तापीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरही पोचला नाही. गुणांत कोण अधिक, कोण उणे, हा येथे प्रश्न नाही. एकीचे गाणे कोणीतरी टिपले आणि दुसरीचे टिपले नाही, एवढाच भेद आहे.

सोळाव्या शतकात मूळ गावांतून देवता अंत्रुज महालात हलविल्या गेल्या, तेव्हा कुशस्थळीहून, वेरण्याहून, केळशीहून पूर्वजांनी मूर्ती पालखीत घालून आणल्या. गाणी पालखीत घालता येत नाहीत. ती माणसांबरोबर येतात आणि माणसांबरोबरच जातात. पालखीच्या वेळची पदे, शिगम्याची गाणी, चौघड्यावरील सनईच्या चाली, भजनी सप्ताहातील जुने अभंग आणि त्यांच्या डोक्यावरील ‘चाल’ हा शब्द, यांतील कितीतरी आज एखाद्याच वृद्धाच्या ओठावर असेल. त्याच्यापाशी बसावे, त्याचा षड्ज शोधावा, तो जे आणि जसे म्हणेल ते तसेच लिहावे वा मुद्रित करावे, आणि त्याखाली गाणाऱ्याचे नाव, गाव व वर्ष घालावे, एवढे काम प्रत्येक कुटुंबास शक्य आहे. देवस्थानच्या दफ्तरात जमाखर्चाच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. त्यांच्या शेजारी अशी एक वही ठेवावयास जागा अपुरी पडणार नाही.

जैनाबादेत आज आहूखान्याचे भग्नावशेष उभे आहेत. तापी वाहतेच आहे. त्या बागेत आंब्याच्या फांदीस हात लावून एक बाई काही गुणगुणत होती, एवढे जगास ठाऊक आहे. त्या दिवशी तेथे शाहजादा होता, मावशी होती, दासदासी होत्या. वही घेऊन बसलेला मात्र एकही मनुष्य नव्हता.